मोहाडी, भोसले आणि राष्ट्रांचा समाज

जगात सगळ्या देशांवर हुकूम चालवणारे एकच सरकार नाही. तरीही देश तह करतात, वकील पाठवतात, दूतांना सहसा हात लावत नाहीत. आंतरराष्ट्रीय संबंधांचे अभ्यासक हेडली बुल यांनी 1977 च्या ‘द अनार्किकल सोसायटी’ या पुस्तकात याला राष्ट्रांचा समाज म्हटले: सामाईक नियम आणि संस्था मानणारी राज्ये.

हा समाज आपल्याकडे कसा वागला, ते भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडीच्या इतिहासात दिसते. मोहाडीचा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. इंग्रजांशी झालेल्या 1803 च्या देवगावच्या तहात त्यांनी कटक आणि वर्धेच्या पश्चिमेचा प्रदेश गमावला. पुढे नागपुरात एल्फिन्स्टन ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला प्रतिनिधी, म्हणून आला. तह आणि वकिलात, दोन्ही या समाजाचीच साधने. पण रेसिडेंट हळूहळू दूत कमी आणि मालक जास्त झाला. 1853 मध्ये राजे तिसरे रघूजी भोसले औरस वारसाविना वारले. दत्तकाचा हक्क राण्यांनी मागितला. गव्हर्नर जनरल डलहौसीने तो नाकारून 1854 मध्ये राज्य खालसा केले.

कागदावर तह होता, बरोबरी नव्हती. युरोपने आपसात पाळलेले नियम इथे सोयीपुरते लागू झाले. बुल यांच्या सिद्धांताची ही दुखरी बाजू आहे: समाजात कुणाला घ्यायचे, हे बराच काळ बलवानच ठरवत आले.