गोधडी कुणी शिवली, हे लिहून ठेवा

लोककलेच्या जुन्या वस्तू जमविणे हा पैसेवाल्यांचा छंद, त्याच्याशी आपला काय संबंध, असे आपल्यापैकी बहुतेकांना वाटते. आम्ही म्हणतो, संबंध फार जवळचा आहे. ज्या वस्तू जमविल्या जातात त्या कुंभाराच्या, विणकराच्या, सुताराच्या, शेतमजूर बायांच्या हातच्या असतात. जमविणाऱ्याचे नाव संग्रहालयाच्या दालनाला मिळते. करणाऱ्याचे नाव कुठे जाते?

अमेरिकेतील वास्तुशिल्पकार अलेक्झांडर गिरार्ड आणि त्यांची पत्नी सूझन यांनी शंभरावर देशांतून एक लाखाहून अधिक बाहुल्या, खेळणी, मुखवटे, कापडे जमविली. १९७८ साली त्यांनी ती सांता फे येथील लोककला संग्रहालयाला दिली. १९८२ पासून त्यातील हजारो वस्तू तेथे मांडलेल्या आहेत. परंतु काचेच्या कपाटांत वस्तूंशेजारी नावाच्या चिठ्ठ्या नाहीत. लोकांनी आधी नुसते पाहावे, अशी गिरार्ड यांची इच्छा होती. पाहणाऱ्याला खेळणे दिसते, ते घडविणारा मात्र दिसत नाही.

याच देशातील एका गरीब वस्तीत मात्र वेगळे घडले. त्या वस्तीचे नाव जीज बेंड. तिची हकीकत आपल्या घराघरांत वाचली जावी असे आम्हाला वाटते.

ठिगळांची ऊब

अलाबामा राज्यात नदीने तीन बाजूंनी वेढलेली ही कृष्णवर्णीयांची वस्ती. त्यांचे पूर्वज तेथील कापसाच्या मळ्यावर गुलाम होते. १८४५ साली हा मळा पेटवे नावाच्या मालकाने घेतला. गुलामांना मालकाचे आडनाव चिकटले. गुलामगिरी संपली तरी ते गेले नाही. पुढे ही माणसे कर्जात बुडाली. १९३२ साली एका मृत सावकार-व्यापाऱ्याच्या वसुलीसाठी घराघरांतून गुरे, अवजारे आणि साठवलेले धान्यसुद्धा ओढून नेण्यात आले.

फळ्यांच्या घरांत फटींतून वारा यायचा. म्हणून बाया फाटके कपडे आणि रिकाम्या पोत्यांचे कापड जोडून क्विल्ट शिवत. क्विल्ट म्हणजे आपल्या गोधडीची बहीण. आपल्याकडे जुन्या लुगड्या-धोतरांचे थर एकमेकांवर घालून धावदोरा घालतात. तेथे वर ठिगळांचा पदर, मध्ये कापूस आणि खाली अस्तर असते.

मिसूरी पेटवे या बाईचा नवरा १९४१ साली वारला. तिने त्याचे शेतात घालायचे कपडे एकत्र केले आणि मुलीला हाताशी घेऊन १९४२ साली त्यांची गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी आणि ती पांघरून झोपता यावे, एवढाच तिचा हेतू होता. आज ही गोधडी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. गुडघ्यावर झिजलेले कापड तिच्यात जसेच्या तसे दिसते.

मतदार यादीत नाव

हे लोक मतदार यादीत नाव घालण्यासाठी धडपडू लागले. नाव नोंदवायचे ते नदीपलीकडच्या कॅमडेन गावी. १९६२ साली तिकडे जाणारी फेरीबोटच बंद करण्यात आली. रस्त्याने तासाभराचा वळसा पडे. बोट पुन्हा सुरू झाली ती २००६ साली, म्हणजे ४४ वर्षांनी! १९६५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग या वस्तीत येऊन बोलले. मतासाठी पुढे आलेल्या अनेकांचा रोजगार आणि राहती जागा गेली. तेव्हा १९६६ साली बायांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था काढली आणि गोधड्या न्यूयॉर्कपर्यंत विकल्या. घरची सुई अशी संसाराला आणि चळवळीला कामी आली.

जमविणारा आला

अटलांटाचे विल्यम आर्नेट आधी आशिया आणि आफ्रिकेतील कलावस्तू जमवीत. नंतर ते आपल्याच दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या कलेकडे वळले. सरपणाच्या ढिगावर टाकलेल्या एका गोधडीचे छायाचित्र त्यांनी पुस्तकात पाहिले आणि शोधत शोधत ते जीज बेंडला पोहोचले. ती गोधडी अ‍ॅनी मे यंग यांची होती. तेथे जुन्या गोधड्या डास पळविण्यासाठी जाळल्यासुद्धा जात.

२००२ साली ह्यूस्टनला आणि नंतर न्यूयॉर्कला साठाहून अधिक गोधड्यांचे प्रदर्शन भरले. मोठमोठ्या समीक्षकांनी ती आधुनिक कलेच्या पंक्तीला बसविली. २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने या गोधड्यांची १० तिकिटे काढली. यात आम्हाला महत्त्वाचे वाटते ते हे की, प्रत्येक गोधडीखाली शिवणारीचे नाव होते. आर्नेट यांचे हे श्रेय मान्य केलेच पाहिजे.

पण नाव मिळाले म्हणजे दाम मिळाला असे नव्हे. गोधड्यांच्या नक्षीवर चादरी आणि इतर माल निघू लागला. २००७ साली अ‍ॅनी मे यंग, लोरेटा पेटवे आणि आणखी एक बाई न्यायालयात गेल्या. न्याय्य वाटा मिळाला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आर्नेट यांच्या बाजूने हे आरोप नाकारण्यात आले. २००८ साली दावे न्यायालयाबाहेर मिटले. २०१५ मध्ये मेरी ली बेंडॉल्फ, ल्युसी मिंगो आणि लोरेटा पेटवे यांना लोककलेचा राष्ट्रीय सन्मान मिळाला.

आम्हाला या हकीकतीत दोन गोष्टी दिसतात. वस्तू जमविणारा नसता तर या गोधड्या चुलीत गेल्या असत्या, हे खरे. परंतु शिवणाऱ्या बाया हक्कासाठी उभ्या राहिल्या नसत्या तर त्यांच्या वाट्याला नुसती वाहवाच आली असती, हेही तितकेच खरे. वस्तू जपली, नाव जपले आणि मोबदला दिला, तरच तो संग्रह प्रामाणिक म्हणता येईल.

आता आपल्या घरात पाहा. आजीची वाकळ माळ्यावर असेल. ती भंगारवाल्याला देण्याआधी उन्हात घाला आणि थोरल्या माणसांना विचारा, ही कुणी शिवली? कोणत्या साली? यातले हे हिरवे लुगडे कुणाचे? मिळालेली माहिती कापडाच्या पट्टीवर शाईने लिहून वाकळीच्या कोपऱ्यात टाचून ठेवा. लिहिण्याचे काम शाळेत जाणाऱ्या मुलाला सांगा. आणि उद्या कोणी शहरातून येऊन 'जुनी गोधडी द्या' म्हणाला, तर किमतीबरोबर एक अट जरूर घाला: ही पट्टी काढायची नाही.