सिंडेलार: मैदानावरचा आणि दंतकथेतला

ऑस्ट्रियाचा फुटबॉलपटू माथियास सिंडेलार याच्या जुन्या छायाचित्रांत गुडघ्याला घट्ट बांधलेली पट्टी दिसते. १९२३ मध्ये पोहण्याच्या तलावावर पाय घसरला आणि गुडघ्यातली कूर्चा फाटली. त्या काळी अशी दुखापत म्हणजे फुटबॉलपटूची कारकीर्द आटोपल्यातच जमा. हान्स श्पिट्झी या शल्यविशारदांनी शस्त्रक्रिया केली आणि वीस वर्षांचा पोरगा पुन्हा मैदानात उतरला, पण बचावपटूची धडक टाळतच. ज्या खेळाला पुढे अख्ख्या युरोपने डोक्यावर घेतलं, त्याचं मूळ बऱ्याच अंशी या जायबंदी गुडघ्यात आहे.

जन्म १० फेब्रुवारी १९०३ चा, मोराव्हियातल्या कोझलोव्ह गावचा. पोटापाण्यासाठी कुटुंब व्हिएन्नाच्या फावोरिटेन भागात आलं. वीटभट्ट्यांवर राबणाऱ्या चेक मजुरांची ही वस्ती. वडील गवंडी होते. १९१७ मध्ये, पहिल्या महायुद्धात, इझोन्झोच्या आघाडीवर ते मारले गेले. आई लोकांचे कपडे धुऊन घर चालवू लागली. पोराने कारखान्यात फिटरकाम शिकता शिकता गल्लीतल्या मोकळ्या जागांवर चिंध्यांच्या चेंडूने खेळ घोटवला. पंधराव्या वर्षी हर्था व्हिएन्ना आणि १९२४ मध्ये आमाटोरे. हाच क्लब दोन वर्षांनी ऑस्ट्रिया व्हिएन्ना झाला.

त्या काळचा सेंटर फॉरवर्ड म्हणजे धिप्पाड गडी. गोलसमोर ठाण मांडायचं आणि बाजूने आलेला चेंडू डोक्याने नाहीतर खांद्याच्या जोरावर आत ढकलायचा. सिंडेलार अंगाने किरकोळ, इतका की त्याला ‘कागदी’ हेच टोपणनाव पडलं. गोलसमोर ताटकळण्याऐवजी तो चेंडू घ्यायला मध्यभागी मागे यायचा. त्याच्यावर पहारा ठेवणाऱ्या बचावपटूची मग पंचाईत व्हायची: त्याच्यामागे गेलं तर बचावफळीला भगदाड, जागेवर थांबलं तर सिंडेलारला मोकळं रान. त्या भगदाडात जोडीदार घुसायचे आणि जमिनीलगतचा आखूड पास नेमका त्यांच्या पायात यायचा. आज ‘फॉल्स नाइन’ म्हणून गाजणारी चाल तो नव्वदेक वर्षांपूर्वी खेळत होता.

राष्ट्रीय संघाचे सूत्रधार ह्यूगो माइझल यांचं आणि त्याचं मात्र लवकर जुळलं नाही. जानेवारी १९२९ मध्ये न्युरेंबर्गच्या बर्फात दक्षिण जर्मनीच्या संघाकडून ०-५ असा मार बसला आणि माइझलनी त्याच्याकडे पाठ फिरवली. कॉफीहाउसात बसणारे क्रीडापत्रकार त्याच्या नावाचा धोशा लावून होते. अखेर १६ मे १९३१ रोजी स्कॉटलंडविरुद्ध तो संघात परतला. ऑस्ट्रिया ५-० ने जिंकला! आठवडाभरात बर्लिनमध्ये जर्मनीवर सहा गोल, सप्टेंबरमध्ये व्हिएन्नात आणखी पाच. एप्रिल १९३२ मध्ये हंगेरीचा ८-२ असा धुव्वा उडाला; त्यातले तीन गोल सिंडेलारचे, चार त्याचा जोडीदार शाल याचे. हाच तो ‘वुंडरटीम’, म्हणजे अद्भुत संघ. डिसेंबर १९३२ मध्ये लंडनला इंग्लंडकडून हा संघ ३-४ असा हरला, पण मध्यंतराला दोन गोलांनी मागे असलेल्या ऑस्ट्रियाने उत्तरार्धात यजमानांना घाम फोडला.

विश्वचषकाने मात्र त्याला हुलकावणी दिली. १९३४ च्या उपांत्य सामन्यात मिलानचं मैदान पावसाने चिखल झालेलं, समोर यजमान इटली आणि सिंडेलारच्या मागावर लुइस मोंती. आखूड पास चिखलात रुतत होते आणि मोंती धडक टाळू देणाऱ्यांतला नव्हता. इटली १-० ने जिंकला.

१९३८ साठीही ऑस्ट्रिया पात्र ठरला होता. पण मार्चमध्ये हिटलरने देशच गिळला. ३ एप्रिलला प्राटर स्टेडियमवर ऑस्ट्रियाचा निरोपाचा सामना झाला, प्रतिस्पर्धी जर्मनी. सिंडेलार आणि सेस्टा यांच्या गोलांवर ऑस्ट्रिया २-० ने जिंकला. सिंडेलारने सोप्या संधी मुद्दाम दवडल्या, गोलनंतर नाझी अधिकाऱ्यांसमोर तो नाचला, अशा गोष्टी आजही रंगवून सांगितल्या जातात. त्यांना भक्कम पुरावा नाही आणि त्यांची गरजही नाही. जर्मनीचे प्रशिक्षक झेप हेरबेर्गर यांनी गळ घालूनही वय आणि दुखापतीचं कारण पुढे करून तो जर्मनीकडून खेळला नाही, एवढं निश्चित आहे. मला तेवढंच मोठं वाटतं.

२३ जानेवारी १९३९ रोजी मैत्रीण कामिला कास्तान्योलाच्या घरी तो मृतावस्थेत सापडला. तीही वाचली नाही. कारण कार्बन मोनॉक्साइड. अपघात, आत्महत्या की खून, यावर तर्क अजून संपलेले नाहीत. अंत्ययात्रेला हजारोंची गर्दी लोटली आणि लोकांनी त्याला हुतात्म्याच्या मखरात बसवलं.

त्या मखराला तडा देणारी एक नोंद आहे. १९३८ च्या उन्हाळ्यात त्याने फावोरिटेनमधलं लेओपोल्ड ड्रिल यांचं कॅफे घेतलं. ड्रिल ज्यू होते. नव्या राजवटीत ज्यूंचे धंदे सक्तीने काढून घेतले जात होते आणि हा सौदा त्याच सक्तीतला. पुढे ड्रिल यांची रवानगी थेरेजिएनश्टाटच्या छावणीत झाली आणि तिथेच त्यांचा अंत झाला. दुसरीकडे, गेस्टापोच्या कागदांत सिंडेलारची नोंद ज्यूंशी सलोखा राखणारा अशी आहे. एक नोंद पुढे करून दुसरी झाकणं अप्रामाणिकपणाचं होईल. कॅफेचा व्यवहार चर्चेत आला तेव्हा मध्यवर्ती दफनभूमीतल्या त्याच्या कबरीचा सन्मानाचा दर्जा राहावा की नाही, असा वाद व्हिएन्नात पेटला. ऑस्ट्रियाचा शतकातला सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून त्याची निवड झाली, त्याला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती.