ढग एका समुद्राचा, नदी दुसऱ्या समुद्राची

अहिल्यानगर जिल्ह्याएवढा देश शोधायचा तर आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे जावं लागतं. आपला जिल्हा 17,048 चौरस किलोमीटरचा, राज्यात सर्वांत मोठा. एस्वातिनी हा देश 17,364 चौरस किलोमीटरचा. त्याच्या तीन बाजूंना दक्षिण आफ्रिका आणि पूर्वेला मोझांबिक, समुद्र कुठेच नाही. 2018 पर्यंत तो स्वाझीलँड म्हणून ओळखला जाई. वस्ती मात्र बारा लाखांच्या आसपास. आपल्याकडे 2011 च्या जनगणनेतच 45 लाखांवर माणसं होती.

दोन्हीकडची जमीन पश्चिमेला उंच आणि पूर्वेकडे उतरती. तिकडे पश्चिम सीमेवर 1,862 मीटर उंचीचं एम्लेंबे शिखर, मग डोंगरउतार, मग सखल प्रदेश आणि पूर्वेला लुबोंबोची डोंगररांग. इकडे अकोले तालुक्यात 1,646 मीटरचं कळसूबाई, पलीकडे रतनगड, हरिश्चंद्रगड. तिथून संगमनेर, राहुरी, नेवासे असं उतरत जमीन गोदावरीला टेकते. तिकडच्या सखल भागात पाऊस कमी, तरी डोंगरातून येणाऱ्या नद्यांवर तिथं उसाचे मळे उभे आहेत. ही गोष्ट नगरकराला वेगळी सांगायला नको. 1926 साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं, प्रवरा नदीचे पाट खाली आले आणि त्याच पट्ट्यात 1950 मध्ये प्रवरानगरच्या सहकारी कारखान्यानं पहिला ऊस गाळला.

फरक आहे तो वाऱ्याचा, आणि मला सगळ्यांत मोलाचा तोच वाटतो. एस्वातिनीचा पाऊस पूर्वेकडून, हिंदी महासागरावरून येतो, पश्चिमेच्या डोंगरावर चढतो आणि नद्यांवाटे पुन्हा त्याच समुद्राला मिळतो. आपला पाऊस येतो अरबी समुद्रावरून. आषाढात अकोले तालुक्यातल्या घाटघरच्या कोकणकड्यावर उभं राहा. खालून ढग वर येतात, कड्यावरून पडणारं पाणी वाऱ्यानं उलटं उडून तोंडावर येतं. तिथून समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही. पण कड्याच्या अलीकडे पडलेला थेंब प्रवरेत उतरतो, रंधा धबधब्यावरून कोसळतो, प्रवरासंगमला गोदावरीत जातो आणि हजारावर किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळतो.

ढगांचा भार घाटमाथ्यावरच रिता होतो. घाटघरला हजारो मिलिमीटर पाऊस, अकोल्याच्या डांगाणात भाताची खाचरं तुडुंब. आणि त्याच जिल्ह्यात नगर, पाथर्डी, कर्जतकडे पाचशे मिलिमीटरच्या आसपास. सीना नदी तर नगरजवळच उगम पावते, तिला घाटाचं पाणी नाहीच. तिथल्या शेतकऱ्याला पडेल तेवढंच धरून ठेवावं लागतं. हिवरे बाजार गावानं ते करून दाखवलं: डोंगरावर चर खणले, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली आणि दरवर्षी पावसाचं माप घेऊन ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला. दक्षिण नगरचा भूगोल यापेक्षा नेमका कुणी वाचलेला मला माहीत नाही.

समुद्र नसलेल्या मुलखाची नदी शेजाऱ्याच्या दारातूनच जाते. कोमाटी नदी दक्षिण आफ्रिकेत उगम पावते, एस्वातिनीत येते, परत दक्षिण आफ्रिकेत जाते आणि शेवटी मोझांबिकमध्ये शिरते. म्हणून 1992 मध्ये पहिल्या दोन देशांनी करार करून धरणं बांधणारी संयुक्त संस्था उभारली आणि 2002 मध्ये तिन्ही देशांनी पाणीवाटपाचा करार केला. आपल्या खाली पैठणचं जायकवाडी धरण आहे, मराठवाडा आहे. कायदा आपल्याकडेही 2005 पासून आहे आणि त्याखाली 2014 मध्ये नियम ठरला: 15 ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा 65 टक्क्यांहून कमी असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा हिशेब मांडायचा. तरी तुटीच्या वर्षी आंदोलनं होतात, प्रकरण न्यायालयात जातं.

प्रवरेच्या काठावर पाण्याच्या आवर्तनाची वाट बघणारा आणि कालव्याच्या टेलला सुकत्या चारीकडे बघणारा, दोघंही आपलेच आहेत. पैठणच्या खालचाही आपलाच आहे. येत्या 15 ऑक्टोबरला धरणांचे आकडे छापून येतील तेव्हा आपल्या धरणाचा आकडा वाचून थांबू नका, खालच्या धरणाचाही वाचा.