वेचणीच्या दिवसातलं पाणी

पहाटे ५

दसरा झाला की जिंतूर तालुक्यात कापसाची पहिली वेचणी सुरू होते. चारठाण्याला लोक यादवकाळातली मंदिरं आणि पायऱ्यांची बारव बघायला येतात, पण पहाटे गावात ज्यांचं काम आधी सुरू होतं त्या वेचणीच्या बायका. त्यांच्यातल्या कुठल्याही एकीचा दिवस घ्या.

ती उठते तेव्हा रात्रीपेक्षा सेंटिमीटरभर उंच असते. मणक्यांमधल्या गाद्या दिवसभराच्या भाराने पाणी गमावतात आणि आडवं झाल्यावर ते परत शोषून घेतात. पण फुगलेली गादी ताठ असते, वाकताना तिच्यावर जास्त ताण येतो. उठल्यापासूनचा पहिला तास वाकू नये, जड उचलू नये, असं कंबरेचे अभ्यासक सांगतात. आपल्याकडे नेमक्या त्याच तासात अंगण झाडायचं, सडा टाकायचा आणि भरलेला हंडा कंबरेवर घ्यायचा असतो. ‘गादी सरकली’ म्हणून दवाखाना गाठणाऱ्या बाईला कुणी विचारत नाही, की हंडा किती वाजता उचलला?

सकाळी ९

शेत. कंबरेला ओटी बांधली की दोन्ही हात मोकळे. बोंडात चार-पाच पाकळ्या कापूस असतो, आणि पाचोळा लागू न देता तो एका झटक्यात काढायचा असतो. अंगठा बाकीच्या बोटांसमोर येतो म्हणूनच हे जमतं. बोटं वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते कोपराखाली असतात आणि मनगटातून गेलेल्या लांब कंडरांनी बोटं ओढतात, कळसूत्री बाहुल्यांसारखी. म्हणून संध्याकाळी बाई बोटं चोळत नाही, कोपराखालचा हात दाबते आणि ‘हात भरून आला’ म्हणते. शरीरशास्त्राचं पुस्तक तिने पाहिलेलं नसतं, दुखणं मात्र बरोबर ठिकाणी दाखवते. बोटांना मिळतात त्या बोंडाच्या वाळल्या टोकांच्या चिरा.

दुपारी १

बांधावर भाकर, ठेसा, कांदा. ज्वारीतल्या पिष्टाची साखर व्हायला तोंडातल्या लाळेपासूनच सुरुवात होते, पण चावायला वेळ कुणाला? मजुरी किलोवर असते.

दुपारी २.३०

खरा दिवस इथे आहे. ऑक्टोबरचं ऊन. काम करणारे स्नायू उष्णता तयार करतात, वरून ऊन तापवतं, आणि आतलं तापमान ३७ अंशांच्या आसपास ठेवायला शरीराकडे मुख्य उपाय एकच, घाम. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. अशा उन्हात तासाला अर्धा लिटर घाम सहज जातो. तेवढं पाणी परत आत जायला हवं.

“मामी, घोटभर पाणी प्या की.”

“नको माय, मंग बसावं कुठं?”

शेतात आडोसा नाही. कापूस कंबरेएवढा, बाजूच्या शेतात गडीमाणसं. म्हणून पाणीच कमी प्यायचं, हा तोडगा आईकडून लेकीकडे आलेला.

आता शरीर काटकसरीला लागतं. रक्त किंचित दाट झाल्याचं मेंदूला कळतं, पियूषिका ग्रंथी व्हॅसोप्रेसिन सोडते, आणि मूत्रपिंडं पाणी धरून ठेवतात. ती एरवीही दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला ९९ टक्के परत रक्तात घेतात. पण कितीही ओढून धरलं तरी दिवसाला अर्धा लिटरच्या आसपास लघवी टाकावीच लागते, नाहीतर युरियासारखी घाण बाहेर जाणार कशी? रोज एवढ्या कमी पाण्यावर भागवलं की लघवी घट्ट राहते. खडे धरतात, जळजळ होते, जंतुसंसर्ग मुरतो.

आणि मग कुणीतरी सांगतं, ‘पिशवी खराब झाली’. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये विधिमंडळात चर्चा झाली आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. मूत्राशय आणि गर्भाशय शेजारी-शेजारी असले तरी एकाचं दुखणं दुसऱ्यावर ढकलता येत नाही. माझ्या मते फडात आणि शेतात आडोसा उभारणं, हा यावरचा सगळ्यात स्वस्त औषधोपचार आहे.

संध्याकाळी ६

काटा. ओटीतला कापूस गाठोड्यात, गाठोडं काट्यावर. किलो लिहिले जातात.

संध्याकाळी ७

पोटरीत गोळा येतो, डोकं ठणकतं. शेजारीण म्हणते, सलाईन लावून घे. सलाईनवर आपल्या खेड्यांचा विश्वास अफाट. पाच टक्के ग्लुकोजच्या ५०० मिलिलिटर बाटलीत साखर असते २५ ग्रॅम, म्हणजे एका भाकरीपेक्षाही कमी ताकद. सुईला आणि खोलीच्या पैशाला ती मजुरी घालवते. खरं तर मीठ आणि साखर योग्य प्रमाणात एकत्र प्यायली, की आतड्याच्या पेशी दोन्ही जोडीने आत ओढतात आणि पाणी त्यांच्यामागून जातं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीच्या रोग्यांना हेच पाजून हजारोंना वाचवलं. वेचणीच्या बाईला तेच पाणी दुपारी अडीचला हवं होतं.

रात्री १०

अंधार पडला, घराजवळ सोय आहे, म्हणून आता ती तांब्याभर पाणी पिते. त्याचा हिशेब मूत्रपिंडं मध्यरात्रीनंतर लावणार आणि तिला उठवणार. सुदैवाने गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या काही तासांतच असतो. वाढीचं संप्रेरक त्याच वेळात सर्वाधिक पाझरतं, आणि बोटांच्या चिरा उद्याच्या वेचणीआधी जेवढ्या भरायच्या तेवढ्या भरतात.