शिकण्याच्या तऱ्हा : आपली आणि दुसऱ्याची

शिकण्याची तऱ्हा माणसागणिक निराळी असते, हे सांगायला मानसशास्त्रज्ञ कशाला हवा? एकाला गावातून एकदा फिरले की वाट सापडते. दुसऱ्याला वळणे तोंडपाठ करावी लागतात. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात लोकांना त्या दिवशीचे न्याहारीचे टेबल मनात आणून पाहावयास सांगितले होते. कित्येकांपुढे ते रंगांसकट उभे राहिले. काहींना, आणि त्यांत शास्त्रज्ञही होते, चित्र म्हणून काही दिसेचना. तेव्हा भेद आहे, याविषयी वाद नाही.

वाद पुढे आहे. न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांनी पाहणे, ऐकणे, वाचणे-लिहिणे आणि करून पाहणे अशा चार वाटा सांगितल्या; १९९२ नंतर त्यांची प्रश्नावली पुष्कळ फिरली. असली वर्गीकरणे किती? २००४ साली इंग्लंडात मोजदाद झाली, तेव्हा ७१ निघाली! ज्याला त्याला त्याच्या वाटेने शिकवले की तो अधिक शिकतो, असा त्यांपैकी पुष्कळांचा दावा. तो खरा ठरायचा तर एकाच परीक्षेत ‘पाहणारा’ चित्रांनी पुढे गेला पाहिजे आणि ‘ऐकणारा’ ऐकून. हॅरल्ड पॅशलर आणि तिघा सहकाऱ्यांनी २००८ साली असे प्रयोग धुंडाळले. नीट केलेले थोडेच सापडले, आणि त्यांतले कित्येक दाव्याच्या उलट गेलेले.

आम्हांला यात नवल वाटत नाही. रीत पुष्कळदा विषयच ठरवतो. भीमा नदी कशी वळते, हे कितीही गोड भाषेत ऐकले तरी नकाशा पाहिल्यावाचून उमजत नाही. भातखंडे यांनी बंदिशी स्वरलिपीत छापल्या, हे उपकार मोठेच. पण मींड कागदावरून गळ्यात उतरत नाही. आणि सायकल तर कोणत्याही प्रकृतीच्या माणसाला बसूनच शिकावी लागते.

शिवाय आवड फसवते. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. काही विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचून, कागद मिटून, आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी दोनदा वाचणारे पुढे होते : ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने मात्र त्यांच्याजवळ ४२ टक्केच उरले, आणि आठवून लिहिणाऱ्यांजवळ ५६. दुसऱ्या प्रयोगात तर पुनःपुन्हा वाचणाऱ्यांनाच आपल्या स्मरणाचा भरवसा अधिक होता! स्वतःची तऱ्हा ओळखायची ती अशी, पुस्तक मिटून.

दुसऱ्याची ओळखताना अधिक जपावे लागते. ‘ही हाताने शिकणारी’ असा शिक्का एखाद्या मुलीवर बसला, की तिच्या हातातले पुस्तक हळूच काढून घेतले जाते. आणि मग तीही तसेच म्हणू लागते. तिला अपूर्णांक अडला असेल, तर ती कोणत्या प्रकारची हे शोधण्यापेक्षा तिला आधीचे काय येते, हे पाहावे. पाटीवर अर्धा आणि पाव यांची बेरीज मांडायला सांगावी. वरचे वरच्यांत आणि खालचे खालच्यांत मिळवून तिने दोन षष्ठांश लिहिले, तर अडचण हाती लागली. अर्ध्या भाकरीत पाव भाकर घातली आणि ती अर्ध्याहून कमी कशी झाली, हे मग तिलाच विचारावे.