काम छोटे, पकड मोठी

शिराळ्यासारख्या तालुक्याच्या गावी लेथ चालविणाऱ्या कारागिराकडे पलंगाचे खूर येतात, लाटणी येतात, पटाशीच्या मुठी येतात. खूर वजनदार असतो, म्हणून तो लेथवर चढविताना कारागीर सावध असतो. बोटाएवढ्या जाडीची खुंटी चढविताना मात्र "एवढ्याशा लाकडाला काय धरायचे?" असे म्हणून हात सैल पडतो. नुकसान नेमके तेथेच होते. भरधाव फिरणारा छोटा तुकडा सुटला तर तो सरळ डोळ्याकडे येऊ शकतो. तो डोळा वाचला तरी लाकूड आणि मजुरी वाया जाते.

अशा बारीक कातकामाला किंमत कोठे आहे, हे पाहण्यासाठी जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी तंतुवाद्ये बनविण्यास सुरुवात केली. पुढे हे घराणे सितारमेकर म्हणून ओळखले जाऊ लागले. २०२४ साली मिरजेच्या सितार व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

सितारीला मुख्य तारांच्या सहा-सात आणि तरफेच्या अकरा ते तेरा खुंट्या लागतात. म्हणजे एका वाद्यामागे अठरा-वीस नग झाले. खुंटीचा दांडा टोकाकडे निमुळता असतो व तो भोकात सगळीकडून सारखा बसावा लागतो. काम चालू असताना खुंटी सुटली आणि पुन्हा जराशी वाकडी चढविली, तर डोके एका रेषेत व दांडा दुसऱ्या रेषेत कातला जातो. अशी खुंटी भोकाला एक-दोन जागीच टेकते, तार सुरात राहत नाही आणि गिऱ्हाईक परत येत नाही.

दोन टोकांत धरणे

कमानीच्या जुन्या चरकावर लाकूड दोन लोखंडी टोकांच्या मध्ये फिरत असे. विजेच्या लेथवरही छोट्या कामाचा पहिला नियम तोच आहे : शक्य तोवर दोन्ही टोके धरलेली असावीत. चौकोनी तुकड्याच्या दोन्ही तोंडांवर कर्ण आखून मध्य काढावा व तेथे टोच्याने खूण करावी. चार दातांचा मोठा सेंटर बारीक लाकडाला चीर पाडतो. त्याऐवजी गोल कडेचा, वाटीसारखा छोटा सेंटर लावावा. पटाशी अडकलीच तर लाकूड त्याच्यावर घसरून थांबते, उडत नाही. मागच्या सेंटरचा दाब बेताचा ठेवावा. फार आवळल्यास बारीक लाकूड धनुष्यासारखे वाकते व थरथरते.

चकमध्ये धरणे

टोकाला काम करायचे असेल तर चक लागतो. त्यासाठी तुकड्याच्या एका टोकाला गोल कुसू कातून घ्यावे. कुसवाचे टोक चकच्या तळाला टेकू देऊ नये. कुसवाचा खांदा जबड्यांच्या तोंडावर सपाट बसला पाहिजे, खरा आधार तोच देतो. शेवटचे टोक कातेपर्यंत मागचा सेंटर काढू नये. काम मागच्या टोकाकडून चककडे करीत यावे. एक भाग पूर्ण झाल्यावरच पुढचा भाग बारीक करावा, म्हणजे चकजवळचे जाड लाकूड शेवटपर्यंत आधार देते.

टाकाऊ लाकडाची वाटी

दांडा तयार झाला, आता डोके घासायचे आहे. अशा वेळी चकमध्ये टाकाऊ लाकडाचा ठोकळा धरावा व दांड्याच्या उताराचेच निमुळते भोक त्यात कातावे. खुंटी त्यात हाताने दाबून बसवावी. सैल वाटल्यास कागदाची पट्टी घालावी किंवा भोकाला खडू फासावा. एका मापाच्या सगळ्या खुंट्यांना हाच ठोकळा चालतो. ठोकळा चकमधून काढला तर परत लावताना भोक पुन्हा तपासावे.

चांदोलीकडच्या पट्ट्यात पावसाळ्यात लाकूड ओल धरते. ओले लाकूड वाळताना आकसते, गोल कुसू लंबगोल होते व पकड ढिली पडते. म्हणून पुरते वाळलेले लाकूडच वापरावे. रात्रभर चकमध्ये राहिलेला नग सकाळी आवळून, हाताने फिरवून पाहावा.

चकची चावी काढल्याशिवाय बटण दाबू नये. सुरुवात कमी वेगाने करावी. लाकूड गोल होऊन थरथर नाही अशी खात्री झाल्यावरच वेग वाढवावा. डोळ्यांवर चष्मा असावा. सैल बाही व हातमोजे नकोत. पॉलिश करताना कापड बोटाला गुंडाळू नये. पटाशी टेकविण्याचा आधार लाकडाच्या जवळ ठेवावा आणि लेथ बंद करूनच तो सरकवावा.

एक खुंटी कोणीही कातेल. वीस खुंट्या एका मापाच्या देणाऱ्याकडे काम पुन्हा येते. वाद्यकारांकडे काम मागायला जाण्यापूर्वी घरी एक संच कातून सगळे नग शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. त्यांत फरक दिसला तर दोष पटाशीला देण्याआधी पकड तपासावी.