घरात मयत असताना आई टीव्हीवर का येते?

आमच्या सोलापुरातल्या रविवारच्या वाचन बैठकीत एका तरुण कार्यकर्त्याने विचारलेला प्रश्न अजून आमच्या डोक्यातून जात नाही. कुणाच्या तरी मोबाईलवर बातम्यांची क्लिप चालू होती. मुलगा गेलेली एक आई आणि तिच्या तोंडासमोर सात-आठ माईक. तो म्हणाला, "दादा, घरात मयत झालंय आणि ही माणसं टीव्हीवर बोलतात कशी? आपल्या घरात असं झालं तर तोंडातून शब्द तरी फुटेल का?" मागे बसलेला दुसरा एकजण हळूच पुटपुटला, "पैसे मिळतात म्हणून."

पहिला प्रश्न प्रामाणिक आहे, त्याचे उत्तर दिले पाहिजे. दुसरे वाक्य आपल्याच वस्त्यांमध्ये बोलले जाते, म्हणून त्याचेही उत्तर दिले पाहिजे.

परभणीपासून सुरुवात करू. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद झाला, हिंसा झाली आणि मग पोलिसांची धरपकड सुरू झाली. त्यात कायद्याचे शिक्षण घेणारे सोमनाथ सूर्यवंशी होते, वय ३५, वडार समाजाचे. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्यांचा मृत्यू झाला. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अभिप्रायात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण लिहिले होते. पण त्याच आठवड्यात विधिमंडळाच्या नागपूर अधिवेशनात मुख्यमंत्र्यांनी सांगितले की सोमनाथ यांना श्वसनाचा आजार होता आणि मारहाण झाल्याची तक्रार त्यांनी न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर केली नव्हती. सरकारने १० लाखांची मदत जाहीर केली.

आता आई विजयाबाईंच्या जागी उभे राहून बघा. मुलगा आजारी होता हे वाक्य सभागृहात बोलले गेले, म्हणजे ते कागदावर आले, राज्यभर पोहोचले. त्याला उत्तर देणार कोण? सभागृहात त्यांना बोलता येत नाही. न्यायालयात उत्तर द्यायला महिने लागतात. त्या दिवशी त्यांच्या हातात एकच जागा होती, दारात आलेला माईक. त्या कॅमेऱ्यासमोर बोलल्या, मुलाला आजार नव्हता हे सांगितले. सरकारची मदत नाकारली. पुढे त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, ॲड. प्रकाश आंबेडकरांनी बाजू मांडली. ४ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथे ३० जुलैला सरकारचा अर्ज फेटाळला गेला.

नुसता गुन्हा नोंदवून घ्यायला साडेसात महिने आणि देशातले सर्वोच्च न्यायालय लागले. या साडेसात महिन्यांत प्रकरण विस्मरणात गेले नाही, याला रस्त्यावर उतरलेले लोक कारण आहेत आणि पुन्हा पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभी राहिलेली आईही कारण आहे.

मेलेल्या माणसाची पहिली गोष्ट बहुतेक वेळा दुसराच कुणीतरी सांगतो. ती पोलिसांच्या प्रेस नोटमध्ये असते, किंवा गावातल्या "प्रतिष्ठित" लोकांनी बातमीदाराला फोनवर सांगितलेली असते. जुन्या वादातून, प्रेमप्रकरणातून, दारूच्या नशेत, आजारामुळे. ही पहिली गोष्ट पुसायला कुटुंबाला वर्षे लागतात. म्हणून ते पहिल्याच दिवशी बोलतात, रडत रडत, अर्धवट वाक्यांत बोलतात.

खैरलांजीत हेच घडले होते. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यात सुरेखा, प्रियंका, सुधीर आणि रोशन भोतमांगे यांना गावाने ठार मारले. बौद्ध कुटुंब, शेतजमिनीचा वाद, जातीचा राग. पण सुरुवातीला बातमी पसरली ती सुरेखाबाईंच्या चारित्र्याबद्दल. जवळजवळ महिनाभर मोठ्या माध्यमांनी या हत्याकांडाकडे नीट पाहिलेच नाही. आंबेडकरी कार्यकर्त्यांनी गावात जाऊन माहिती गोळा केली, छायाचित्रे बाहेर आणली, नोव्हेंबरमध्ये विदर्भ पेटला, तेव्हा कुठे चॅनेलच्या गाड्या भंडाऱ्याकडे वळल्या. टीव्हीवर बोलायला त्या घरात एकच माणूस उरला होता. भैयालाल भोतमांगे २० जानेवारी २०१७ रोजी वारले. म्हणजे दहा वर्षे त्यांनी तीच रात्र सांगितली, पत्रकारांना, वकिलांना, नेत्यांना, आपल्यासारख्या कार्यकर्त्यांना. त्यांचे अपील तेव्हाही सर्वोच्च न्यायालयात पडून होते. किती वेळा सांगितले असेल, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. आम्हीही ठेवला नाही.

टीव्हीला कुटुंब का हवे असते, हेही समजून घ्या. घटना घडताना कॅमेरा तिथे नसतो. पण बातमीला चित्र लागते. जिल्ह्याच्या बातमीदाराला प्रत्येक बातमीचे ठरावीक पैसे मिळतात, वेळ थोडा असतो, संध्याकाळच्या आत बाईट पाठवायचा असतो. कागदपत्रे मिळवायला आठ दिवस जातात, आईचा बाईट दहा मिनिटांत मिळतो. तो बातमीदार वाईट असतो असे नाही, आमच्या ओळखीचे कितीतरी जण वस्तीतलेच आहेत. पण वरच्या डेस्कला रडणे हवे असते आणि आईला बोलायचे असते. एकाच माईकपुढे हे दोन वेगळे हेतू उभे असतात. दिवसअखेर रडण्याचे वीस सेकंद दाखवले जातात आणि तिने घेतलेली आरोपींची नावे कापली जातात.

अपघातात तर बोलण्याची जागा आणखी कमी असते. १८ मे २०२५ च्या पहाटे सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागून ८ जणांचा जीव गेला. कारखान्याच्याच आवारात माणसे राहत का होती, बाहेर पडायला दुसरी वाट होती का, हे प्रश्न कुणी विचारायचे? आपल्या शहरात यंत्रमागावर पोट असलेली हजारो घरे आहेत. आग विझेपर्यंत बातमी असते, नंतर नातेवाईकांकडे नुकसानभरपाईचे आकडे उरतात.

आता पैशाचा मुद्दा, कारण तो बोलणाऱ्याला कायदा माहीत नसतो. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा जातीय अत्याचारात खून झाला, तर ॲट्रॉसिटी कायद्याखालच्या नियमांप्रमाणे, २०१६ च्या दुरुस्तीनुसार, वारसांना ८ लाख २५ हजार रुपये मिळतात. निम्मे शवविच्छेदनानंतर, निम्मे दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर. शिवाय पेन्शन, मुलांचे शिक्षण, नोकरी किंवा घर यांची तरतूद त्याच परिशिष्टात आहे. ही रक्कम कुणी टीव्हीवर रडले म्हणून मिळत नाही, ती हक्काची आहे, समाजकल्याण कार्यालयातून येते. उलट अनुभव असा की कुटुंब गप्प बसले तर ॲट्रॉसिटीचे कलमच लागत नाही, आणि कलम नाही तर रक्कम नाही. खैरलांजीच्या निकालातही ॲट्रॉसिटी लागली नाही हे विसरू नका.

टीव्हीवर येण्याची किंमतही कुटुंबच मोजते. रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी गेला. त्याची आई राधिका वेमुला बोलायला लागल्या आणि काही दिवसांत चर्चा विद्यापीठाकडून वळून त्यांच्या स्वतःच्या जातीवर आली. मुलगा गमावलेल्या बाईला देशासमोर आपली जात सिद्ध करावी लागली. त्याच वर्षी १४ एप्रिलला त्यांनी मुंबईत बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तरीही २०२४ मध्ये तेलंगणा पोलिसांनी प्रकरण बंद करायचा अहवाल दिला, तो रोहित अनुसूचित जातीचा नव्हता असे म्हणतच.

आणि कॅमेरा निघून गेल्यावर काय होते, ते खर्ड्याने दाखवले. २८ एप्रिल २०१४ रोजी जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात नितीन आगे या शाळकरी मुलाचा खून झाला. वडील राजू आगे किती चॅनेलवर दिसले, आठवा. नोव्हेंबर २०१७ मध्ये निकाल लागला, अनेक साक्षीदार फितूर झालेले, आरोपी निर्दोष सुटलेले. साक्षीदार फुटत होते त्या तीन वर्षांत गावात माईक घेऊन कोण गेले?

काही भन्ते आणि काही वडीलधारी अशा वेळी किसा गोतमीची गोष्ट सांगतात. मेलेले मूल घेऊन ती दारोदार फिरली, तथागतांनी मोहरी आणायला सांगितली, ज्या घरात कुणी मेले नाही अशा घरातून. गोष्ट खरीच थोर आहे. पण ती ऐकवून आईला गप्प करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. किसा गोतमीचे मूल कुणी मारले नव्हते. शिवाय तीसुद्धा गप्प बसलेली नव्हती, प्रत्येक दारात जाऊन बोलली होती आणि प्रत्येक घराला तिला उत्तर द्यावे लागले होते.

आमची एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात एका आईला आम्ही एकापाठोपाठ तीन यूट्यूब चॅनेलसमोर बसवले, त्यात आमचा मोबाईलही होता. प्रत्येकाला सुरुवातीपासून सगळे हवे होते. तिसऱ्या वेळी ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "दादा, कालपासून पोटात काही नाही." आम्ही पंधरा-वीस कार्यकर्ते तिथे उभे होतो. तिला चहा कुणी विचारला नव्हता.

तेव्हापासून आम्ही काही गोष्टी ठरवून करतो. आधी तिला आणि घरच्यांना एका खोलीत बसू देतो, आम्ही बाहेर. बोलायचे की नाही, हे त्यांनी ठरवायचे. नको म्हटले तर चॅनेलवाल्याला नाही सांगायचे काम आमचे. बोलायचे असेल तर एकानेच बोलावे, शक्यतो एकदाच, सगळ्यांसमोर. तक्रार पोलिसांत लिहून झाल्यावर आणि वकिलाला दाखवून मगच. कारण टीव्हीवर घाईत सांगितलेली वेळ किंवा नाव आणि न्यायालयातली साक्ष यांत फरक पडला, तर बचावाचा वकील तीच क्लिप पुढे करतो. लहान मुलांना कॅमेऱ्यापुढे अजिबात आणायचे नाही. लैंगिक अत्याचार असेल तर पीडितेचे नाव, फोटो, गाव, शाळा काहीच द्यायचे नाही. ती जिवंत नसली तरी हा नियम लागू आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे ओळख उघड करणे गुन्हा आहे, आणि आईने परवानगी दिली म्हणून चॅनेलला किंवा आपल्याला ते नाव छापता येत नाही. आपल्याच मोर्चाच्या बॅनरवर असे फोटो आम्ही पाहिले आहेत.

प्रसारित झालेल्या प्रत्येक बाईटची प्रत, तारीख आणि वेळ लिहून ठेवा. चॅनेलने खोटे दाखवले तर आधी चॅनेलकडे लेखी तक्रार करायची, दाद मिळाली नाही तर वृत्तवाहिन्यांच्या एनबीडीएसए या संस्थेकडे, पण ती संस्था फक्त तिच्या सदस्य वाहिन्यांबाबतच ऐकते. यूट्यूबवाल्यांसाठी तो रस्ता नाही.

आणि कॅमेरे गेल्यानंतरचे काम. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५ अ नुसार न्यायालयातल्या कामकाजाची सूचना कुटुंबाला वेळेवर मिळाली पाहिजे, आरोपीच्या जामिनावर त्यांचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या दक्षता व नियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हायला हवी. पूनम गेटसमोर धरणे धरायला शंभर जण येतात. या समितीत प्रकरण कुठवर आले हे विचारायला, किंवा तारखेच्या दिवशी जिल्हा न्यायालयात त्या आईच्या शेजारी बाकावर बसायला, दोघे मिळणे कठीण जाते. आम्ही आता तारखांची वही ठेवली आहे. प्रत्येक तारखेपुढे कोण जाणार त्याचे नाव लिहितो. येत्या रविवारी बैठकीला येणार असाल तर तुमचा मोकळा वार कोणता, ते सांगा.